आपल्या मनाचा साक्षी कोण?

मराठी घरात कुणी मनाची तक्रार सांगू लागलं की दोन उपदेश हमखास कानावर पडतात. एक, मनाला आवर घाल. दुसरा, जरा अधिक शिकलेला: मनाकडे तटस्थपणे बघ, साक्षी हो. दोन्हींच्या मागे मोठी परंपरा उभी आहे. माणसाने आपला उद्धार आपणच करावा, आपणच आपले मित्र आणि आपणच आपले वैरी, हे गीतेच्या सहाव्या अध्यायाचं सांगणं आहे. समर्थांनी मनाचे श्लोक लिहिले तेही मनालाच उद्देशून, त्याला सज्जन म्हणून हाक मारून. वेदान्ताने तर साक्षीला सगळ्या अनुभवांच्या पलीकडचं, कशाचाही डाग न लागणारं स्थान दिलं. रोजच्या राग-लोभासाठी ही शिकवण बहुतेकांना पुरते. बायपोलर डिसऑर्डरचं निदान नुकतंच हातात पडलेल्या माणसापाशी मात्र ती अडते. ज्या मनाने मनाकडे बघायचं तेच आजारी असेल, तर साक्ष कुणाची घ्यायची? अशा माणसाला साक्षी स्वतःच्या बाहेर शोधावा लागतो, आणि त्या कामाला फार लायक असतो तो याच आजारातून जाऊन आलेला दुसरा माणूस, असं माझं म्हणणं आहे. आधारगटाकडे आपण दिलासा मिळण्याची जागा म्हणून बघतो. त्याचं काम त्याहून मोठं आहे, आणि आपल्या परंपरेत त्या कामाला सत्संग म्हणत आले आहेत.

आधी आजार नीट पाहू. उदास होणं किंवा खुशीत असणं म्हणजे बायपोलर नव्हे. मॅनिया म्हणायचा तर चढलेली किंवा चिडखोर अवस्था साधारण आठवडाभर तरी टिकलेली असावी लागते, सौम्य प्रकारात चार दिवस, आणि नैराश्याचा काळ किमान दोन आठवड्यांचा धरतात. जगभरात २०१९ साली सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. या आजाराच्या सुमारे ७० टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत, असं त्यात दिसलं. पण आपल्या प्रश्नासाठी या आकड्यांहून महत्त्वाचा आहे तो आजाराचा स्वभाव. चढत्या काळात माणूस तीन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. बोलणं थांबत नाही, एका बेतातून चार बेत फुटतात, पैसा हातात ठरत नाही. आणि या सगळ्यात त्याला वाटत असतं की आयुष्यात आपल्याला इतकं स्वच्छ कधी दिसलंच नव्हतं. उतरत्या काळात तेच मन उलटतं. तू कायमच असा नालायक होतास, पुढेही असाच राहणार, असं ते बजावत राहतं आणि पुराव्यादाखल जुन्या चुका एकेक करून काढतं. चढावर असताना उताराची आठवण राहत नाही, उतारावर असताना बऱ्या दिवसांची. दोन्ही टोकांना साक्षीदार फितूर झालेला असतो, आणि तो फितूर आहे हे कळायचं साधनही त्याच्याच ताब्यात असतं.

यावर वेदान्ती हरकत घेईल, आणि ती हलकी नाही. तो म्हणेल, साक्षी म्हणजे मन नव्हेच. मन चढलं काय, बुडलं काय, त्याला प्रकाशित करणारं चैतन्य तसंच राहतं, मग साक्षी आजारी पडतो असं तुम्ही म्हणता कसं? हे तत्त्व म्हणून मान्य करायला हरकत नाही. पण अद्वैताचंच पुढचं वाक्य ऐकायला हवं: तो साक्षी काही करत नाही. तो सही करणारा हात धरत नाही, रात्री दोन वाजता नोकरीचा राजीनामा पाठवू नकोस असं सांगत नाही, गोळी घे म्हणून आठवण करत नाही. हे सगळं विवेकाचं काम आहे. विवेक बुद्धीचा, आणि बुद्धी ही मन, चित्त, अहंकार यांच्यासारखीच अंतःकरणाचा भाग. अंतःकरण शरीरासारखंच बिघडू शकतं. तेव्हा अविकारी साक्षीचा सिद्धान्त ज्याला पटतो त्याने तो जरूर धरून ठेवावा. त्याच्या आधाराने, बिघाड माझ्यात आहे पण मी म्हणजे बिघाड नव्हे, एवढं धैर्य येतं. व्यवहारातला निवाडा मात्र त्याने होत नाही. त्यासाठी दुसरी बुद्धी लागते, त्या घडीला शाबूत असलेली.

ही दुसरी बुद्धी कुणाची? पहिलं नाव डॉक्टरांचं येतं, आणि यावंच. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग मॅनियावर होतो हे दाखवलं, तेव्हापासून या आजाराचं भवितव्य बदललं. गोळीला पर्याय म्हणून आधारगट सुचवणारा माणूस रुग्णाचं नुकसान करतो. पण डॉक्टर भेटतात महिन्या-दोन महिन्यांनी, पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ सावरून बसणं चढत्या माणसालाही जमतं. दुसरं नाव घरच्यांचं. ते रोज बघतात, पहिल्यांदा खटकतं तेही त्यांनाच. परंतु घरातली साक्ष भीतीने आणि थकव्याने भरलेली असते. एकदा दवाखान्यात दाखल करावं लागलं की पुढे प्रत्येक मोठ्या हसण्यावर संशय येतो, आणि कुठल्याही भांडणाचा शेवट ‘आज गोळी घेतलीस का?’ या प्रश्नाने होतो. खरा राग आला असतानाही हाच प्रश्न येतो, म्हणून खरोखर चढ सुरू असतानाही त्याचं वजन राहत नाही. घरच्यांचा दोष नाही. ज्याला निकालाची झळ बसणार आहे त्याला न्यायाधीश करता येत नाही, इतकंच.

तिसरी जागा आधारगटाची. महाराष्ट्राला ती नवी नाही. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी चालवलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, अशा संस्थांनी स्वमदत गटांची रीत इथे रुजवली. रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायची पद्धतही याच वर्तुळातली. अशा गटात जे घडतं ते दिसायला अगदी साधं असतं. गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पहिल्या नावापुरती ओळख, मध्ये चहा. कुणी सांगतं, ‘या आठवड्यात मस्त चाललंय, चार तास झोप पुरते.’ समोरचा विचारतो, ‘किती दिवस? काही मोठं खरेदी केलंस का?’ हेच प्रश्न डॉक्टर विचारतात, पण इथे विचारणाऱ्याने अशाच एका आठवड्यात कर्ज काढून गाडी बुक केलेली असते आणि ते त्याने याच खुर्चीत बसून सांगितलेलं असतं. म्हणून उत्तर वेगळं येतं. कुणी रोजच्या वहीत एकच ओळ लिहायची सवय लावतं: किती झोपलो, मन उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत कुठे होतं, गोळ्या घेतल्या का. कुणी सांगतं की लिथियमच्या पातळीसाठी रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. आणि आषाढीच्या आधी कुणीतरी हळूच विचारतं, ‘निर्जळी करणार असशील तर डॉक्टरांशी बोललास का?’ पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि अंगावर येऊ शकतं. नवरात्रातला रात्रभरचा जागर भक्तीच्या दृष्टीने कितीही गोड असला, तरी बुडालेली झोप मॅनियाला दार उघडून देते. हे पुस्तकात असतं, पण उपास आणि जागर ज्याच्या घरात आहेत त्याच्या तोंडून ऐकलं की ते देवाविरुद्ध बोलणं वाटत नाही.

अशी बाहेरची साक्ष घेणं ही पाश्चात्त्य मानसोपचाराची आयात आहे असं कुणाला वाटेल, तर तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका आठवावी. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने गोरोबांना सांगितलं की यातली मडकी पक्की किती, कच्ची किती, ते पाहा. गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं. सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले, आणि मडकं कच्चं ठरलं. नामदेव म्हणजे विठ्ठलाचा लाडका, देवाशी बोलणारा. देवाची जवळीक असूनही आपलं कच्चेपण त्यांना स्वतःला दिसलं नव्हतं, ते सोबत्यांच्या मेळाव्यात दिसलं. रागावून ते विठ्ठलाकडे गेले तर देवानेही त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं. कथेचा हा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. सोबत्यांनी निदान केलं, देवाने ते खोडून काढलं नाही, आणि पुढचा उपाय जाणत्या गुरूकडे सोपवला. आधारगट, श्रद्धा आणि डॉक्टर यांच्या कामाची वाटणी याहून नेमकी सांगता येणार नाही. बौद्ध संघाने तर ही गोष्ट नियमातच बांधली. तीन महिन्यांचा वर्षावास संपला की प्रवारणा होते. प्रत्येक भिक्षू, आणि सर्वांत आधी वडीलधारा, संघाला विनंती करतो की माझं काही वावगं तुम्ही पाहिलं, ऐकलं किंवा तसा संशय आला असेल तर कृपा करून सांगा. ध्यान शिकवणाऱ्या, मनाचं निरीक्षण हाच मार्ग मानणाऱ्या परंपरेलाही एकट्याचं निरीक्षण पुरेसं वाटलं नाही.

पण जुनी कथा म्हणजे पुरावा नव्हे, तेव्हा पुरावाही तपासू. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात अठराव्या शतकाच्या अखेरीस मनोरुग्णांच्या विभागाची देखरेख झाँ-बाप्तिस्त प्युसँ करत होता. तो स्वतः गंडमाळांचा रुग्ण म्हणून तिथे आला होता. बरे झालेले रुग्णच सेवक म्हणून नेमण्याकडे त्याचा कल असे, आणि फिलिप पिनेलसारख्या वैद्याने त्याच्या पद्धतीचं कौतुक केलं. आजच्या काळात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याने मात्र उत्साहाला आवर घातला. सोबत्यांच्या आधाराने रुग्णालयात भरती होणं कमी होतं असं ठामपणे म्हणता आलं नाही, आशा आणि आत्मबळ काहीसं वाढल्याच्या खुणा दिसल्या. पुढे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधली एक चाचणी आली. तीव्र संकटातून बाहेर पडलेल्या ४४१ जणांपैकी निम्म्यांना, अशा आजाराचा स्वतः अनुभव घेतलेल्या सोबत्याबरोबर दहा बैठका आणि एक वही दिली. उरलेल्यांना वही फक्त टपालाने गेली. वर्षभरात पुन्हा तीव्र उपचार लागले ते पहिल्या गटात २९ टक्के, दुसऱ्यात ३८ टक्के. यात बायपोलरबरोबर इतर आजारांचेही लोक होते, म्हणून हा निकाल शेवटचा शब्द नाही. पण त्यातून एक गोष्ट दिसते. नुसतं सोबत बसून बोलण्याने जे साधत नाही ते ठरावीक काम, ठरावीक बैठका आणि लिहून ठेवलेली खूणगाठ यांनी साधू शकतं. साक्ष द्यायलाही शिस्त लागते.

आता धर्माकडून येणारा खरा अडथळा. आपल्याकडे निदानाच्या पाठोपाठ घरात एक शब्द शिरतो: भोग. मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, ज्याचं त्याने भोगून संपवावं. हे मानलं तर सोबतीला अर्थच उरत नाही, कारण दुसऱ्याचा भोग कुणी वाटून घेऊ शकत नाही. शिवाय आजाराला अपराधाची छटा येते, आणि नैराश्यातल्या माणसाला तर आपण अपराधी आहोत याचा आणखी दाखला नकोच असतो. या मताला उत्तर कर्म मानणाऱ्या परंपरेतच सापडतं. संयुक्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, हे खरं का? बुद्ध आठ कारणं सांगतो: पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, अनियमित वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. कर्म आठांतलं एक आहे. सगळं कर्माच्याच खात्यावर टाकणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाला सोडून बोलतात, असं तो स्पष्ट म्हणतो. ज्याची श्रद्धा कर्मावर आहे त्याने ती सोडायची गरज नाही. पण या माणसाचा हा आजार कर्मानेच आला, हे सांगण्याचा अधिकार मामा-मावशींना कुठल्याही शास्त्राने दिलेला नाही.

दुसरा अडथळा प्रेमळ असतो म्हणून जास्त फसवतो: अरे, मूड तर सगळ्यांचेच बदलतात. किसा गोतमीची कथा या समजुतीच्या बाजूने उभी करता येईल. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या त्या बाईला बुद्धाने, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आणायला पाठवलं, आणि दारोदार फिरताना दुःख सार्वत्रिक आहे हे तिला उमगलं. तिथे सार्वत्रिकतेने काम केलं कारण मृत्यू खरोखरच प्रत्येक घरात येऊन गेला होता. बायपोलर प्रत्येक घरात येत नाही. ज्याने सहा दिवस न झोपता घर विकायला काढलं त्याला ‘सगळ्यांचंच असं असतं’ म्हणणं म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकणं. तरी या कथेतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बुद्धाने गोतमीला प्रवचन दिलं नाही, तिला इतर दुःखितांच्या दारात पाठवलं. बायपोलरच्या रुग्णालाही तसंच पाठवावं लागतं, फक्त त्याची दारं मोजकी असतात आणि ती शोधून द्यावी लागतात.

तिसरी हरकत व्यवहारी: आंधळ्याने आंधळ्याला वाट काय दाखवायची? ही हरकत आजाराचं स्वरूप विसरते. बायपोलर येतो-जातो. बहुतेकांच्या आयुष्यात दोन झटक्यांच्या मधला काळ मोठा असतो आणि त्या काळात बुद्धी चांगली चालते. दहा जणांच्या गटात दहाही जण एकाच वेळी चढलेले नसतात. ज्याची बुद्धी आज शाबूत आहे तो आज बघतो, उद्या पाळी बदलते. धोका मात्र खरा आहे. गटात कुणी डोस बदलायचा सल्ला देऊ नये, गोळ्या सोडल्याचा पराक्रम मिरवू देऊ नये, जिवाला धोका दिसला तर गुप्ततेचं वचन बाजूला ठेवून घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवावं, हे आधीच ठरलेलं हवं. कायद्यानेही एक सोय केली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार माणूस बरा असतानाच आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो की पुढे निर्णयक्षमता गेली तर मला कसे उपचार द्यावेत आणि कसे देऊ नयेत, शिवाय आपला प्रतिनिधीही नेमू शकतो. आजची शाबूत बुद्धी उद्याच्या बिघडलेल्या मनासाठी साक्ष देऊन ठेवते आणि ती सांभाळायला दुसऱ्याच्या हाती सोपवते. माणसाची स्वायत्तता एकटेपणात असते असं मानणाऱ्यांनी या तरतुदीचा विचार करावा.

शेवटची हरकत सर्वांत नाजूक. चढत्या काळात कित्येकांना देव भेटल्यासारखा वाटतो, आपली निवड झाली आहे अशी खात्री होते. हे सगळं आजार म्हणून निकालात काढायचं का? ज्या भूमीत संतांना वेडे म्हटलं गेलं तिथे हा प्रश्न टाळता येत नाही. विल्यम जेम्सने १९०२ च्या आपल्या धार्मिक अनुभवांवरच्या ग्रंथात सांगितलं की अनुभवाची किंमत त्याच्या उगमावरून ठरवू नये, फळावरून ठरवावी. पण फळ दिसायला वेळ लागतो, आणि आतून ते दिसतच नाही. डॉक्टर त्या अनुभवाला लक्षण म्हणतील, एखादा भक्त पायाही पडेल. दोघांच्याही साक्षीत काहीतरी निसटतं. जो स्वतः त्या उंचीवर जाऊन आला आहे तोच म्हणू शकतो की मलाही अगदी असंच दिसलं होतं, मी त्याला खोटं म्हणणार नाही, पण नंतरच्या तीन महिन्यांत माझ्या घराचं काय झालं ते ऐक. त्याची चेष्टाही नाही आणि आरतीही नाही. अनुभवाचा मान ठेवून त्याची झाडाझडती घेण्याचं हे काम बाहेरचा माणूस सहसा करू शकत नाही.

यातून निघणारं सांगणं सरळ आहे. नवं निदान झालेल्या माणसाला ‘मनाचा साक्षी हो’ हा उपदेश एकट्याला करू नका. त्याच्या बऱ्या दिवसांत तो उपदेश त्याच्या कामी येईल, पण वाईट दिवसांसाठी त्याला माणसं लागतील. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर जवळच्या आधारगटाचा पत्ता द्यावा. भजनी मंडळांनी आणि देवळांनी महिन्यातून एका रविवारी आपली खोली अशा गटाला वापरू द्यावी आणि उपासाच्या नियमांत गोळ्या घेणाऱ्यांना सूट आहे हे मोठ्याने सांगावं. गाव लहान असेल, गट नसेल, तर केंद्र सरकारची १४४१६ ही टेली-मानस सेवा मोफत आहे, तिथून सुरुवात करता येते. आणि ज्याला हे निदान होऊन काही वर्षं झाली, जो आज बरा आहे, त्याला एकच विनंती: एका नव्या माणसाला भेटा. त्याला उपदेशाची गरज नाही, तुम्ही पाहिलेलं त्याला सांगा आणि त्याच्यात काय दिसतं तेही सांगा. तुमच्याकडे असलेली साक्ष दुसऱ्या कुणाकडे नाही.